नाउरूचं बेट कुणी पोखरलं? हॅमर डिरॉबर्टवरच्या मेसेजला उत्तर

परवा रात्री दादानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि काल सकाळी भाचीचा फोन आला. आठवीत आहे ती. म्हणाली, "आत्या, वक्तृत्व स्पर्धेला मी नाउरू देशाची गोष्ट घेतेय. बाबा म्हणाले, आत्यानं इतकी वर्षं भूगोल शिकवलाय, तिला एकदा म्हणून दाखव." आणि तिनं तो अख्खा मेसेज फोनवर म्हणून दाखवला. पाठ झाला होता.

तुमच्यापैकी अनेकांकडे तो आलाच असेल. थोडक्यात असा आहे: प्रशांत महासागरात नाउरू नावाचा चिमुकला देश आहे. पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलं खत विकून तो जगातला सर्वांत श्रीमंत देश झाला. त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्ष हॅमर डिरॉबर्ट हा एक अडाणी टोळीप्रमुख. त्यानं लोकांना सगळं फुकट दिलं. लोकांनी काम सोडलं, खाऊन खाऊन लठ्ठ झाले, स्वतःचंच बेट पोखरून विकलं. ऑस्ट्रेलियानं राहायला दुसरं सुंदर बेट देऊ केलं, तेही मस्तीत नाकारलं. राष्ट्राध्यक्षानं विमानं घेतली, मेलबर्नला टॉवर बांधला, लंडनमध्ये नाटकावर पैसा उधळला. शेवटी देश भिकेला लागला. आणि खाली नेहमीचं: फुकट वाटणाऱ्यांना मत देण्याआधी ही गोष्ट आठवा, दहा जणांना पाठवा.

हा मेसेज ह्याआधीही माझ्याकडे आला होता आणि मी सोडून दिला होता. आता सोडत नाही. एक तेरा वर्षांची मुलगी तो शे-दोनशे मुलांपुढं माइकवरून म्हणणार आहे, हे एक कारण. दुसरं कारण आमच्या घरातलं आहे, ते पुढं येईल.

"अडाणी टोळीप्रमुख"

हॅमर डिरॉबर्टचा जन्म 25 सप्टेंबर 1922 चा. शिक्षण आधी बेटावर आणि मग ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात, गॉर्डन इन्स्टिट्यूटमध्ये. परत येऊन तो शाळेत शिकवायला लागला. दादा, तुझ्या मेसेजमधला हा अडाणी माणूस तुझ्या बहिणीसारखाच मास्तर होता.

"टोळीप्रमुख" हा शब्द कुठून आला तेही सांगते. 1951 साली नाउरूत लोकांनी निवडलेली एक कौन्सिल स्थापन झाली आणि तिच्या प्रमुखाला "हेड चीफ" म्हणत. डिरॉबर्ट 1955 मध्ये मतदानानं कौन्सिलवर गेला आणि पुढं हेड चीफ झाला. आपल्याकडं गावचा माणूस पंचायतीत निवडून येऊन सरपंच होतो, तसं. मेसेज लिहिणाऱ्यानं "चीफ" वाचलं आणि डोक्यात पिसांचा मुकुट घातलेला माणूस आणला.

मधली काही वर्षं मात्र मेसेजमध्ये पूर्ण गाळली आहेत, आणि ती कळल्याशिवाय ह्या माणसाचं पुढचं काहीच कळत नाही. फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी येणार हे दिसल्यावर बेटावरचे बहुतेक गोरे अधिकारी आणि खाणीचे बरेचसे चिनी मजूर एका फ्रेंच युद्धनौकेतून हलवण्यात आले. नाउरूचे लोक तिथंच राहिले. 26 ऑगस्ट 1942 ला जपान्यांनी बेट ताब्यात घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी सुमारे 1200 नाउरूवासीयांना जहाजात भरून प्रशांत महासागरातल्याच दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. कुष्ठरोग झालेल्या 39 जणांना नावेत बसवून समुद्रात नेलं आणि ती नाव बुडवली. ट्रुकवर उपासमार, रोगराई, वरून बॉम्ब. 31 जानेवारी 1946 ला जहाज परत नाउरूला लागलं तेव्हा त्यातून 737 माणसं उतरली. त्यांत तेवीस वर्षांचा डिरॉबर्ट होता.

पुढं बावीस वर्षांनी देश स्वतंत्र झाला तो दिवसही 31 जानेवारीच, 1968. तारीख मुद्दाम तीच निवडली होती. त्या दिवशी हॅमर डिरॉबर्ट देशाचा प्रमुख होता.

"स्वतःचंच बेट पोखरून विकलं"

ह्या वाक्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण सगळा मेसेज ह्याच वाक्यावर उभा आहे आणि त्यातला "स्वतःचंच" हा शब्द बघूनच माझं डोकं फिरलं.

एकोणिसावं शतक संपता संपता सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनी नावाच्या कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून एक दगड ठेवलेला असायचा. नाउरूहून कुणीतरी आणलेला. ते दगड झालेलं लाकूड आहे असं सगळे समजायचे. अल्बर्ट एलिस नावाच्या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली, त्यानं तो तपासला, तर अस्सल फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल, निघालं. नाउरू तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. कंपनीनं जर्मनांशी सौदा केला आणि 1906 पासून खणायला सुरुवात झाली. जमीन ज्याची, त्या नाउरू माणसाला टनामागं अर्धा पेनी. ह्या सौद्याच्या टेबलावर नाउरूचा एकही माणूस नव्हता.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं बेट घेतलं. 1919 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ह्या तीन सरकारांनी आपसांत करार करून सगळी खाण विकत घेतली आणि ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाच्या मंडळाच्या हाती दिली. करारातच लिहिलं होतं की ह्या तीन देशांच्या शेतीला फॉस्फेट उत्पादनखर्चाच्या भावात मिळेल. म्हणजे बाजारभावानं नाही. ह्यानंतर राष्ट्रसंघानं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी हे बेट ह्याच तिघांकडे "विश्वस्त" म्हणून सोपवलं. विश्वस्त कशाला म्हणतात हे आपल्याला माहीत आहे. अज्ञान मुलाची जमीन काका सांभाळतो, मूल मोठं झालं की हिशेबासकट परत देतो. इथं काकांनी ती जमीन खणून आपल्या शेतात नेऊन टाकली.

सुपर फॉस्फेटची गोणी ज्यानं उतरवली आहे त्याला सांगायला नको की हे खत नुसतं विकायचा माल नाही, ती जमिनीची ताकद आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची माती मुळात फॉस्फरसला कमी. तिथल्या कुरणांवर, गव्हाच्या शेतांवर पन्नास-साठ वर्षं नाउरू पसरलं गेलं. आणि नाउरूवर काय राहिलं? बेटाच्या मधल्या पठारावर, ज्याला तिथं "टॉपसाइड" म्हणतात, फॉस्फेट प्रवाळखडकाच्या सुळक्यांमध्ये साठलेलं होतं. ते काढून घेतल्यावर नुसते सुळके उरले, काही तर चार-पाच माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी टोक गाठणार नाहीत इतके उंच. त्यांच्यात पाय ठेवायला जागा नाही, मग पेरायचं कुठं? बेट केवढं, तर 21 चौरस किलोमीटर. मुंबईकरांसाठी सांगते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही लहान.

स्वातंत्र्याच्या आधी खणण्यासारखी सुमारे एक तृतीयांश जमीन अशी संपलेली होती. हा आकडा नीट लक्षात ठेवा.

आता त्या "अडाण्या"नं काय केलं ते बघा. 1967 च्या वाटाघाटींत तिन्ही सरकारांना खाण आपल्याच हातात हवी होती. डिरॉबर्ट अडून बसला की मालकी नाउरूची, नाहीतर स्वातंत्र्याला अर्थ नाही. शेवटी नाउरूनं सगळी यंत्रसामग्री 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतली आणि 1970 मध्ये खाण नाउरूच्या कंपनीकडे आली. आपल्याच बेटावरचा उद्योग त्यांना पैसे मोजून सोडवून घ्यावा लागला.

आणि खणून झालेल्या त्या एक तृतीयांश जमिनीचं काय? ती पूर्ववत करून द्या, ही मागणी डिरॉबर्टनं एक दिवसही सोडली नाही. स्वातंत्र्याच्या दिवशीच त्यानं जाहीरपणे सांगितलं की ह्या एक तृतीयांश बेटाची जबाबदारी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्याला पत्र लिहिलं. 1969 च्या सुरुवातीला उत्तर आलं, नकाराचं. 1973 मध्ये कॅनबेराला जाऊन पंतप्रधानांपुढं विषय काढला. 1983 मध्ये पुन्हा लेखी मागणी. 1986 च्या डिसेंबरात त्याच्या सरकारनं एक चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री. आयोगानं जुने करार, कागद, हिशेब काढून तपासले. आणि 19 मे 1989 ला ह्या एवढ्याशा देशानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला.

त्या न्यायालयाचा 26 जून 1992 चा निकाल नेटवर सहज मिळतो. मेसेज पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा वाचावा अशी माझी विनंती आहे. ऑस्ट्रेलियानं बरेच आक्षेप घेतले होते. त्यातला एक असा की नाउरूनं दावा लावायला फार उशीर केला, स्वातंत्र्याला वीस वर्षं होऊन गेली. न्यायालयानं हा आक्षेप फेटाळला. का? कारण डिरॉबर्टचं स्वातंत्र्यदिनाचं बोलणं, 1968 चं पत्र, 1973 ची भेट, 1983 ची मागणी, हे सगळं न्यायालयासमोर होतं. हा विषय नाउरूनं कधीच सोडलेला नव्हता, हे कागदांवरून दिसत होतं. ज्याला मेसेज अडाणी म्हणतो, त्यानं वेळेवर लिहिलेल्या पत्रांनी खटला तगला.

निकालाबद्दल अचूक बोलायला हवं. न्यायालयानं ऑस्ट्रेलियाला दोषी ठरवलं नाही. खटला चालू शकतो, एवढंच ठरवलं, आणि कमिशनर्सच्या परदेशातल्या मालमत्तेवरचा नाउरूचा एक हक्क नामंजूरही केला. पण मूळ प्रश्नाची सुनावणी व्हायच्या आधीच ऑस्ट्रेलियानं तडजोड केली. ऑगस्ट 1993 मध्ये 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचं ठरलं, काही रोख आणि बाकी वीस वर्षांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडनं त्यात आपापला वाटा उचलला. "स्वतःचंच बेट स्वतःच पोखरलं" हे खरं असतं, तर ह्या तीन सरकारांनी पैसे कशाचे दिले?

डिरॉबर्टला हे बघायला मिळालं नाही. 15 जुलै 1992 ला मेलबर्नमध्ये तो वारला, निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत.

आता अर्धसत्य. उरलेली खणण्यासारखी जमीन कुणी खणली, तर स्वतंत्र नाउरूनंच, आणि त्यातला बराच काळ सत्ता डिरॉबर्टच्या हाती होती. हे नाकारता येत नाही. जमीन पूर्ववत करायची मागणी दुसऱ्यांकडे करताना आपण खणलेल्या जमिनीवर त्यानं तेवढं काम केलं नाही. हा दोष त्याच्या पदरात टाकावाच लागतो. पण तेव्हा विकायला दुसरं काय होतं त्या बेटावर, हेही विचारा.

"दुसरं सुंदर बेट मस्तीत नाकारलं"

दादा, हे वाक्य तू पुढं पाठवलंस. तू.

काय झालं ते सांगते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांना दिसत होतं की शतकाच्या अखेरीपर्यंत फॉस्फेट संपेल आणि बेट राहण्याजोगं उरणार नाही. जमीन पूर्ववत करायची तर खर्च फार. मग ऑस्ट्रेलियानं सुचवलं की सगळ्या नाउरूवासीयांना उचलून आपल्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर वसवू. घरं देऊ, जमीन देऊ, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व देऊ. ऐकायला चांगलं वाटतं. गोरे सोडून इतरांना स्थायिक व्हायला ऑस्ट्रेलियाचं धोरणच आडवं येत होतं, अशा काळातली ही गोष्ट आहे.

डिरॉबर्टनं आधी नाही म्हटलं नव्हतं. तो आणि त्याचे सहकारी कर्टिस बेट बघून आले, अटी विचारल्या. त्यांची अट एकच होती: आम्ही तिथं नाउरूचे लोक म्हणूनच राहू, आमचा कारभार आम्ही करू, ऑस्ट्रेलियाशी नातं कराराचं असेल. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं, तुम्ही ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हाल, क्वीन्सलँडचे कायदे लागू होतील, तुम्हाला एक स्थानिक कौन्सिल मिळेल. ऑगस्ट 1964 मध्ये नाउरूच्या कौन्सिलनं प्रस्ताव फेटाळला. त्यांचं कारण साधं होतं. तिथं गेलो तर आमची माणसं जगतील, पण दोन पिढ्यांत नाउरूचा माणूस म्हणून कुणी उरणार नाही.

ह्याला मस्ती म्हणणाऱ्यानं त्या लोकांचा एक सण माहीत करून घ्यावा. "अंगाम" म्हणतात त्याला. 1920 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनं बेटावरची इतकी माणसं गेली की लोक संपतात की काय अशी भीती होती. किमान 1500 माणसं असली तरच ही जमात टिकेल, असं मानलं गेलं. 26 ऑक्टोबर 1932 ला एक मूल जन्मलं आणि आकडा 1500 झाला. तो दिवस अंगाम. मग ट्रुक झालं, आकडा पुन्हा खाली घसरला, आणि 1949 मध्ये पुन्हा 1500 गाठले. एका बाळाच्या जन्मानं सगळा देश सण करतो, कारण आपण उरलो. अशा लोकांना तुम्ही सांगता की या, आमच्यात मिसळून जा.

आता घरातलं कारण. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे, शिवसागर जलाशयात. आबांना त्या बदल्यात सोलापूरकडं जमीन मिळाली. लोक आजही म्हणतात, "तुम्हाला काय, सरकारनं जमीन दिली की." ती जमीन आबांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथं झाड नव्हतं आणि विहिरीला पाणी नव्हतं. पण आबा जमिनीबद्दल फार बोलत नसत. ते भैरोबाबद्दल बोलायचे. देव उचलून आणला, पण जत्रेला येणारी बारा वाड्यांची माणसं बारा दिशांना गेली, मग जत्रा कुणाची करायची? आमची आजी शेवटपर्यंत नव्या गावाला "तिकडं" म्हणायची, राहायची तिथंच तरी. दादा, तू तिच्या मांडीवर बसून ते ऐकलं आहेस. मी नंतर जन्मले, तू तर मोठा. आणि आज तू हेच वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल दहा जणांना पाठवतोस, की दुसरं सुंदर बेट देत होते, घेतलं नाही.

आबांना नकार द्यायची सोय नव्हती. डिरॉबर्टनं नकार दिला, आणि चार वर्षांनी, 1968 मध्ये, देश मिळवला. मध्ये 1965 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला की 31 जानेवारी 1968 च्या आत नाउरूला स्वातंत्र्य द्यावं, आणि बेट राहण्याजोगं करण्यासाठी तातडीनं पावलं उचलावीत. पहिला भाग झाला. दुसरा राहिला, त्यासाठी हेगपर्यंत जावं लागलं.

विमानं, टॉवर आणि नाटक

नाटकाचं आधी मिटवते. लिओनार्दो द विंचीच्या आयुष्यावर लंडनमध्ये एक संगीतिका आली, तिच्यात नाउरूचा पैसा होता, ती सपाटून आपटली. हे सगळं खरं. साल 1993. डिरॉबर्ट 1992 मध्ये वारला आणि 1989 च्या ऑगस्टमध्येच अविश्वास ठरावानं पायउतार झाला होता. मेलेल्या माणसाच्या नावावर नाटकाचा खर्च लावताना निदान तारीख तरी बघायची.

टॉवर त्याच्या काळातला. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर 52 मजली नाउरू हाउस, 1977 चं. पण ती उधळपट्टी कशी? फॉस्फेट संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून उत्पन्नातला वाटा एका न्यासात बाजूला ठेवून त्यातून परदेशात मालमत्ता घ्यायची, पुढच्या पिढ्यांनी भाड्यावर जगायचं, असा तो विचार होता. मेसेज म्हणतो, त्यांनी उद्याचा विचारच केला नाही. केला होता. पुढं गुंतवणूक सांभाळणाऱ्यांनी, सल्लागारांनी आणि नंतरच्या सरकारांनी त्या न्यासाची वाट लावली, मालमत्ता तारण टाकून कर्जं काढली, आणि 2004 मध्ये ती इमारत कर्जापायी विकली गेली.

विमानांबद्दल मात्र मी डिरॉबर्टचा बचाव करणार नाही. चारी बाजूंनी समुद्र, जवळचं बेटसुद्धा तीनशे किलोमीटरवर, तेव्हा विमानसेवा हवी होती हे समजतं. पण काही हजार माणसांच्या देशानं जेट विमानांचा ताफा बाळगावा, तीही बरीचशी रिकामी उडणारी, हे अतिच झालं. एअर नाउरूनं वर्षानुवर्षं पैसा खाल्ला आणि डिरॉबर्टनं ते होऊ दिलं. शिवाय तो टीका सहन करणारा माणूस नव्हता. प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावरच्या एका वृत्तपत्राच्या बातमीवरून त्यानं अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि तो वर्षानुवर्षं लढत बसला. 1968 पासून 1989 पर्यंत, मधली दोनेक वर्षं सोडली तर, सत्ता त्याच्याभोवतीच फिरत होती. इतका काळ एकच माणूस वर राहिला की हिशेब विचारणारे कमी होतात, तसं तिथंही झालं. तरीही हे लक्षात घ्या की 1976 मध्ये संसदेनं त्याला बाजूला करून बर्नार्ड डोवियोगोला राष्ट्राध्यक्ष केलं तेव्हा तो गुपचूप विरोधी बाकावर बसला. 1989 मध्येही तसाच खुर्ची सोडून गेला. रक्त सांडलं नाही, लष्कर नव्हतंच.

"काम सोडलं, लठ्ठ झाले"

खाणीतलं बहुतेक मजुरीचं काम सुरुवातीपासूनच बाहेरच्या माणसांकडून करून घेतलं जाई. मजूर चीनमधून आणि शेजारच्या गिल्बर्ट बेटांवरून आणले जात. आळशी म्हणायच्या आधी काम कुणी कुणाला दिलं ते तरी बघावं.

मधुमेह खरा आहे आणि भयंकर आहे. 1975-76 मध्ये तिथं पाहणी झाली तेव्हा जवळजवळ तिघांतल्या एका प्रौढाला मधुमेह निघाला, त्या काळच्या जगात हा आकडा धक्कादायक होता. पण ह्याची कारणं बघा. पठार गेलं म्हणजे केवड्याच्या जातीची झाडं, नारळ, सगळं गेलं. उरला किनाऱ्याचा पट्टा. ताजं काही पिकवायला जागा नाही, म्हणून तांदूळ, साखर, डबाबंद मांस जहाजातून येतं. त्यात बेटांवरच्या लोकांच्या शरीराची ठेवण मधुमेहाला अनुकूल, हे संशोधक तेव्हापासून सांगत आहेत. आपल्या घरात आईला शुगर आहे, काकाला आहे, दादा, तुलाही आहे. आईला कुणी आळशी म्हटलेलं तुला चालेल का?

"फुकट दिलं म्हणून बुडाले"

दवाखाना, शाळा मोफत होती, आयकर नव्हता. पण देश बुडाला तो फॉस्फेट संपलं आणि न्यासाचा पैसा गेला म्हणून. दवाखान्यानं नाही. त्यानंतर नाउरूनं पैशासाठी काय काय केलं, परदेशी पैसा लपवणाऱ्या बँका, 2001 पासून ऑस्ट्रेलियानं आपल्या किनाऱ्यावर नको असलेले निर्वासित तिथं आणून ठेवणं, हा वेगळा आणि दुःखाचा भाग आहे. आपल्याकडच्या योजनांवर वाद घालायचा असेल तर आपल्या अर्थसंकल्पाचे आकडे घेऊन घाला, मीही घालेन. पण त्यासाठी दुसऱ्या कुणाची हकिकत मोडूनतोडून वापरू नका.

पक्ष्यांच्या विष्ठेचं राहिलं. ते फॉस्फेट नेमकं कसं साठलं ह्यावर भूगर्भशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. सर्वांत श्रीमंत देशाचं म्हणाल तर दरडोई उत्पन्नात सत्तरच्या दशकात नाउरू जगात अगदी वरच्या काहींत होतं, हे बरोबर आहे.

भाचीला मी काल रात्री फोन केला. स्पर्धा शनिवारी आहे, चार मिनिटं मिळतात. तिनं विचारलं, "मग आत्या, मी सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, त्या दाराला लावलेल्या दगडापासून कर. तिनं विचारलं, आणि आपलं गाव सांगू का त्यात? मी म्हटलं, ते बाबांना विचार. दादा, ती तुला आज विचारेल.